ताटीबाहेरचा आवाज : आत्महत्येची मराठी भाषा आणि मदतीचा हक्क

मराठी समीक्षेने मरणाचा विचार बहुधा दोन दालनांत केला आहे. एक शोकात्मिकेचे, दुसरे संतवाङ्मयातील निर्वाणाचे. पहिल्यात मरण ही कलाकृतीची परिणती असते, दुसऱ्यात साधनेची. या दोहोंच्या मध्ये एक मोठा प्रदेश उरतो: मरणाचा विचार मनात आलेल्या, परंतु अद्याप जिवंत असलेल्या माणसाचा. त्याच्याशी कोण बोलते, कोणत्या शब्दांत बोलते, आणि ते बोलणे ऐकू येईल इतक्या अंतरावर त्याला राहू दिलेले असते काय, हे प्रश्न वैद्यकाचे किंवा शासनाचे मानून साहित्यविचाराने बाजूला ठेवले. वस्तुतः ते आधी भाषेचे प्रश्न आहेत. संकटात सापडलेल्या माणसाला मदत मिळणे न मिळणे हे त्याच्या संकटाला कोणते नाव दिले जाते यावर अवलंबून असते, आणि नावे देण्याचे काम शासनाच्या कितीतरी आधीपासून वाङ्मय करीत आले आहे.

मराठीतील क्रियापदांपासून आरंभ करता येईल. 'आत्महत्या करणे' या प्रयोगात हत्या आहे, म्हणजे कर्ता, कर्म आणि गुन्हा तिन्ही आहेत. छापील मराठीत हाच प्रयोग रूढ आहे. बोलीत मात्र माणूस 'जीव देतो'. येथे क्रियापद दानाचे आहे. कोणाला दिला हे वाक्य सांगत नाही, पण चतुर्थीची एक रिकामी जागा त्यात राहून जाते. बायकांच्या बोलण्यात 'विहीर जवळ केली' असा प्रयोग येतो. जवळ करणे ही मायेची क्रिया. घरात कोणी जवळ केले नाही, हे न उच्चारता सांगण्याची या भाषेची ही रीत आहे. आणि शेवटी 'जिवाचे बरेवाईट करणे'. या जोडशब्दातील 'बरे' कशासाठी, याचा विचार फारसा कोणी केलेला दिसत नाही. वाईटाचे नाव घेताना भीतीने बरे हा शब्द सोबतीला घेतला आहे एवढेच त्याचे स्पष्टीकरण पुरेसे नाही. बोलणाऱ्याला अजून दोन्ही शक्यता मोकळ्या ठेवायच्या आहेत, असेही त्यातून वाचता येते. ज्या माणसाच्या बाबतीत घटना घडून गेली त्याच्याबद्दल 'त्याने बरेवाईट केले' असे सहसा म्हणत नाहीत. 'काही बरेवाईट करून घेईल' असे म्हणतात. हा प्रयोग भविष्यकाळाचा आहे, चिंतेचा आहे, आणि म्हणूनच घटनेच्या आधीच्या रात्रीसाठी मराठीजवळ असलेला तो एक मौल्यवान शब्द आहे. दुर्दैव असे की पंचनामा, बातमी, निकालपत्र, आकडेवारी या आधुनिक लेखनप्रकारांत त्याला कोठेही जागा नाही.

या लेखनप्रकारांचा परिणाम जेथे तपासून पाहता येतो अशा जागांपैकी चऱ्होली ही एक. इंद्रायणीच्या काठी, आळंदीला खेटून असलेले हे गाव. आळंदी सोडल्यावर ज्ञानेश्वरांची पालखी येथल्या थोरल्या पादुकांपाशी विसावते. १९९७ मध्ये चऱ्होलीचा समावेश पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत झाला. एका अंगाला भोसरीचे कारखाने, नदीपलीकडे उत्तरेला चाकणचा औद्योगिक पट्टा, मध्ये नव्या इमारती, भाड्याच्या खोल्या, महाविद्यालयांची वसतिगृहे. म्हणजे ज्या भूमीने मराठीला स्वेच्छामरणाची सर्वांत उदात्त शब्दावली दिली, तिच्याच सीमेवर आज मराठवाड्यातून, विदर्भातून, बिहार-ओडिशातून आलेला कंत्राटी कामगार राहतो. या दोन गोष्टी एकत्र आणून सनसनाटी निष्कर्ष काढण्याचा मोह टाळला पाहिजे. ज्ञानेश्वरांची १२९६ ची संजीवन समाधी आणि आत्महत्या यांना एका मापाने मोजणे हा अर्थनिर्णयाचा घोर प्रमाद ठरेल. परंपरेने त्या दोहोंसाठी दोन भाषा निर्माण केल्या त्या याचसाठी. प्रश्न समाधीचा नाहीच. प्रश्न त्या कुटुंबाच्या कथेतील दोन वेगळ्या प्रसंगांचा आहे, ज्यांच्याकडे समाधीच्या तेजामुळे दुर्लक्ष झाले.

पहिला प्रसंग विठ्ठलपंत व रुक्मिणीबाईंचा. संन्यास सोडून गृहस्थाश्रमात परतलेल्या या दांपत्याला धर्मसभेने देहान्त प्रायश्चित्त सांगितले आणि मुलांना समाजात घेतले जावे म्हणून दोघांनी देह त्यागला, असे चरित्रपरंपरा सांगते. एमिल डर्कहाइमने १८९७ च्या आपल्या ग्रंथात आत्महत्येचे जे प्रकार कल्पिले त्यांतील 'परार्थी' प्रकारात, आणि त्यातही समाजाने कर्तव्य म्हणून लादलेल्या उपप्रकारात, हा प्रसंग सहज बसविता येतो. परंतु बसविल्याने काय साधते? डर्कहाइमच्या वर्गीकरणात व्यक्ती आणि समूह यांच्यातील बंधन सैल आहे की घट्ट एवढेच मोजले जाते. येथे बंधन सैलही होते आणि घट्टही. कुटुंब वाळीत टाकलेले होते, म्हणजे समूहाबाहेर होते. आणि तरीही समूहाची आज्ञा त्यांच्यावर पूर्णपणे चालत होती. सेवा घेण्यास अपात्र, शिक्षा घेण्यास पात्र. ही स्थिती तेराव्या शतकापुरती नाही.

दुसरा प्रसंग ताटीचा. लोकांकडून अपमान झाल्याने उद्विग्न झालेले ज्ञानेश्वर झोपडीचे दार, म्हणजे ताटी, आतून लावून बसतात आणि धाकटी बहीण मुक्ताबाई बाहेर उभी राहून त्यांना दार उघडण्याची विनवणी करते. 'ताटीचे अभंग' म्हणून प्रसिद्ध असलेली रचना ती हीच. मुक्ताबाईच्या नावावरील रचनांचा पाठनिर्णय हा वेगळा विषय आहे. शतकानुशतके हे अभंग याच प्रसंगाशी जोडून गायले गेले, एवढे येथील विवेचनाला पुरते. या अभंगांचे विवेचन आजवर बहुधा दोन अंगांनी झाले आहे: संतलक्षणांचा उपदेश म्हणून, आणि स्त्रीच्या अधिकारवाणीचे उदाहरण म्हणून. दोन्ही योग्यच आहेत. पण त्यांच्या रचनेकडे, म्हणजे कोण कोठे उभे राहून कसे बोलते याकडे, पाहिले तर निराळेच काही हाती लागते.

मुक्ताबाई 'काय झाले' असे विचारीत नाही. कारण ती जाणते. अपमान तिचाही झालेला आहे. दार ढकलून आत शिरत नाही. आत कोंडून घेतलेला माणूस वयाने व अधिकाराने मोठा आहे याचा विसर पडू देत नाही. उलट त्याच्या मोठेपणाचीच त्याला आठवण करून देते. आणि मुख्य म्हणजे ती पुन्हा पुन्हा तेच म्हणते. ध्रुवपदाची पुनरावृत्ती हा अभंगाचा रूढ घटक आहे, येथे मात्र त्याला नाट्यगत कार्य लाभले आहे: प्रत्येक कडव्याच्या शेवटी येणारी विनवणी म्हणजे बोलणारी अजून दाराबाहेर उभी आहे, गेलेली नाही, याची खूण. ताटी आतूनच उघडायची आहे. हे सारे कोणत्याही संकटसमुपदेशनाच्या पुस्तिकेशी जुळते असे म्हणण्यापेक्षा, पुस्तिका अजून या रचनेच्या जवळ येऊ पाहत आहेत असे म्हणणे अधिक बरोबर होईल.

येथे एक आनुषंगिक नोंद. पाश्चात्त्य चर्चाविश्वात वाङ्मय आणि आत्महत्या यांचा संबंध दीर्घकाळ ग्यॉटेच्या १७७४ च्या 'वेर्थर'शी जोडला गेला. वृत्तपत्रीय प्रसिद्धीनंतर अनुकरणाने होणाऱ्या मृत्यूंना डेव्हिड फिलिप्सने १९७४ मध्ये त्या नायकाचेच नाव दिले. २०१० मध्ये ऑस्ट्रियातील संशोधकांनी उलट बाजू मांडली: संकटातून माणूस कसा सावरला हे सांगणाऱ्या लेखनाचा संरक्षक परिणाम होऊ शकतो. त्यांनी या परिणामाला मोत्सार्टच्या 'मायावी बासरी' या संगीतिकेतील पापागेनोचे नाव दिले, कारण जीव द्यायला निघालेल्या पापागेनोला तीन मुले दुसरा मार्ग सुचवितात. मराठीतील चर्चेत पापागेनो आता अधूनमधून भेटतो. ताटीबाहेरची मुलगी भेटत नाही. आयात संज्ञेला विरोध करण्याचे कारण नाही, परंतु ज्या श्रोत्याला मोत्सार्ट ठाऊक नाही आणि हरिपाठ पाठ आहे त्याच्याशी बोलताना कोणते उदाहरण घ्यावे, हा केवळ अभिरुचीचा प्रश्न उरत नाही.

आधुनिक मराठी वाङ्मयाने मात्र ताटीपेक्षा धर्मसभेचाच आकृतिबंध अधिक वेळा उचलला. त्याचे सर्वांत निर्दय आणि सर्वांत प्रामाणिक रूप विजय तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' (१९६७) या नाटकात आहे. लीला बेणारे या शिक्षिकेवर खेळ म्हणून सुरू झालेला भ्रूणहत्येचा खटला खरा होत जातो, ही कथा सर्वपरिचित आहे. नाटकावरील समीक्षेने पुरुषी नीतिमत्ता, मध्यमवर्गीय दांभिकता, खेळ व वास्तव यांचे संक्रमण या मुद्द्यांचा पुरेपूर परामर्श घेतला. एक साधा तपशील मात्र दुर्लक्षित राहिला. पोंक्षे हा साक्षीदार सांगतो की काही दिवसांपूर्वी उडुपी उपाहारगृहात झालेल्या भेटीत बेणारेच्या पर्समधली विषाची बाटली त्याने पाहिली होती. म्हणजे तिच्या जिवाला धोका आहे हे ठाऊक असलेला एक माणूस या जगात होता, त्याच्याजवळ ती मदत मागायलाच आली होती, आणि त्याने ती माहिती जपून ठेवली ती पुरावा म्हणून. बाटली पाहिल्यावर पोंक्षे काय करतो हा प्रश्न न्यायसभेत कोणीही विचारीत नाही. विचारण्याचे कारण नाही. कारण त्या सभेच्या भाषेत संकट हे लक्षण नसून आरोपाला पुष्टी आहे.

बेणारेला स्वतःच्या बचावासाठी दहा सेकंद दिले जातात. त्या दहा सेकंदांत तिचे प्रदीर्घ स्वगत येते, ज्यात पौगंडावस्थेतील विश्वासघात आणि त्या वयातला जीव देण्याचा प्रयत्न यांचाही उल्लेख आहे. हे स्वगत प्रेक्षक ऐकतो, न्यायसभा ऐकत नाही. वेळ संपल्याचे जाहीर होते आणि निकाल दिला जातो. प्रेक्षकाला सर्व ऐकू येते आणि तो काहीही करू शकत नाही, ही रंगभूमीची रचना. पोंक्षे काही करू शकला असता आणि त्याने ऐकले नाही, ही समाजाची. शेवटी सामंत हा गावातला साधा माणूस अंतरावरूनच एक कापडी हिरवा पोपट तिच्याजवळ ठेवून निघून जातो. या कृतीला अनेकांनी हळवी म्हणून नाक मुरडले आहे. पण सामंतनेच थोड्या वेळापूर्वी हातातल्या कादंबरीतून उचललेली खोटी साक्ष दिली होती, हे विसरता येत नाही. लोकप्रिय कादंबरीची भाषा त्याच्या तोंडी होती तोवर तो खटल्याचा भाग होता. भाषा संपल्यावर त्याच्याजवळ एक खेळणे उरले. ताटीबाहेर उभे राहण्याची इच्छा आहे, पण म्हणायचे काय हे ठाऊक नाही, अशी ही अवस्था आहे. तेंडुलकरांनी ती हसण्यावारी नेलेली नाही.

नाटकातील अभिरूप न्यायालयाकडून खऱ्या न्यायालयाकडे वळले की 'संहिता' या शब्दाचे दोन्ही अर्थ एकत्र येतात. भारतीय दंड संहितेच्या १८६० पासून चालत आलेल्या कलम ३०९ नुसार आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता. १९८६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पी. बी. सावंत आणि बी. जी. कोळसे-पाटील या न्यायमूर्तींनी हे कलम घटनाबाह्य ठरविले. खटला होता मुंबई पोलीस दलातल्या एका शिपायाचा. अपघातानंतर त्याला मानसिक आजार जडला होता. भाजीचे दुकान टाकण्यासाठी परवानगी मिळविण्याची त्याची धडपड महापालिका आयुक्तांच्या दारापाशी अडली, आणि तेथेच त्याने जीव देण्याचा प्रयत्न केला. मानसिक आजारामुळे असा प्रयत्न करणाऱ्याला उपचारांची गरज असते, तुरुंगाच्या कोठडीने त्याची स्थिती बिघडणारच, असे निकालपत्राने बजावले. त्या काळाच्या मानाने ही असाधारण भाषा होती.

परंतु निकालाच्या नंतरच्या प्रवासात काय टिकले आणि काय गळले हे पाहण्यासारखे आहे. टिकला तो 'मरण्याचा हक्क' हा शब्दप्रयोग. १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या द्विसदस्यीय पीठाने तो उचलून धरला, १९९६ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने फेटाळला आणि कलम पुन्हा वैध ठरविले. दहा वर्षांच्या या वादात जगण्याच्या हक्कात मरण्याचा हक्क येतो काय यावर विद्वत्तापूर्ण ऊहापोह झाला. गळला तो शिपाई. त्याने मरण्याचा हक्क मागितलाच नव्हता. त्याने दुकान मागितले होते, आणि त्याला उपचार हवे होते. तत्त्वचर्चेने आपल्या सोयीचे पात्र निवडले आणि त्याच्या तोंडी आपले वाक्य घातले, ही गोष्ट कादंबरीकारांनाच लागू होते असे नाही.

२०१८ मध्ये अंमलात आलेल्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ ने भाषा खरोखरच बदलली. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती, अन्यथा सिद्ध न झाल्यास, तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाईल व तिला शिक्षा होणार नाही, असे कलम ११५ म्हणते. त्याच कलमाच्या दुसऱ्या भागात अशा व्यक्तीची शुश्रूषा, उपचार आणि पुनर्वसन हे शासनाचे कर्तव्य म्हणून नोंदले आहे. कलम १८ परवडणाऱ्या, दर्जेदार, भेदभावरहित सेवेचा हक्क देते. जे. एल. ऑस्टिनच्या परिभाषेत 'गृहीत धरले जाईल' हे विधान नसून कृती आहे: उच्चारताच गुन्हेगार रुग्ण होतो. मात्र अशी कृती यशस्वी होण्यासाठी अनुकूल परिस्थिती लागते, हेही ऑस्टिननेच सांगितले आहे. शिक्षा न होणे हे केवळ उच्चाराने साधते. उपचार मिळणे उच्चाराने साधत नाही. त्यासाठी डॉक्टर, खाट आणि रात्री चालू असलेली खिडकी लागते.

१ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि कलम ३०९ गेले. त्याबरोबर कलम २२६ आले: लोकसेवकाला त्याच्या कर्तव्याबाबत भाग पाडण्याच्या किंवा रोखण्याच्या हेतूने आत्महत्येचा प्रयत्न करणे हा एक वर्षापर्यंतच्या साध्या कैदेस, दंडास किंवा समाजसेवेच्या शिक्षेस पात्र गुन्हा. घरातील अंधारात झालेला प्रयत्न ताण ठरतो. कार्यालयाच्या दारातला प्रयत्न दबाव ठरू शकतो. १९८६ च्या त्या शिपायाची कृती आयुक्तांच्या दारातलीच होती. ज्या प्रकरणाने कलम ३०९ ला पहिला मोठा धक्का दिला, तेच प्रकरण आज घडले तर नव्या कलमाच्या शब्दांत ओढले जाऊ शकेल. ज्याला खासगी दार नाही, ज्याचे संकट सरकारी दारातच व्यक्त होते, त्याच्याविषयी संहितेला अजून संशय आहे.

याच १९८६ साली यवतमाळ जिल्ह्यातल्या चिलगव्हाण येथील एका शेतकरी कुटुंबाच्या मृत्यूने महाराष्ट्राला हादरा दिला. पुढे शेतकरी आत्महत्या हा शासकीय कागदपत्रांचा, मग कादंबरीचा आणि कवितेचा विषय झाला. शासनाने मृताच्या कुटुंबाला १ लाख रुपयांची मदत ठरविली, ३० हजार रोख आणि ७० हजार ठेवीच्या रूपात. आणि प्रत्येक मृत्यू 'पात्र' की 'अपात्र' हे ठरविण्यासाठी जिल्हास्तरीय समित्या नेमल्या. पात्र हा मराठीतला विलक्षण शब्द आहे. नाटकात वावरते ते पात्र, नदी वाहते ते पात्र, आणि लाभास योग्य तेही पात्र. नापिकी, कर्जबाजारीपणा आणि वसुलीचा तगादा या कथानकात जो मृत्यू बसतो तो पात्र. सातबाऱ्यावर नाव नसलेली शेतकरी बाई, खाजगी उसनवारीत बुडालेला खंडकरी, भूमिहीन मजूर यांचे मरण त्या कथानकात बसत नाही, ते अपात्र. समितीवर दोष ठेवून भागणार नाही. ग्रामीण कादंबरीनेही दीर्घकाळ हेच कथानक शोकात्म नायकाच्या लायकीचे मानले: जमीन असलेला, कर्जाने नाडलेला पुरुष. सदानंद देशमुखांच्या 'बारोमास'सारख्या (२००२) समर्थ कादंबरीने शेतीच्या कोंडमाऱ्याचे जे व्यापक चित्र उभे केले, त्याच्या मागून आलेल्या अनेक अनुकरणांत चित्र गेले आणि साचा राहिला.

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या तक्त्यांचीही एक कथनरीती आहे. २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या गेल्या. त्यांपैकी २२,७४६ महाराष्ट्रातल्या, सर्व राज्यांत सर्वाधिक. मृतांमध्ये रोजंदारीवर काम करणाऱ्यांचे प्रमाण एक चतुर्थांशाहून अधिक होते. या शेवटच्या आकड्याशेजारी ठेवावी अशी कादंबरी मराठीत सहजी आठवत नाही. कारणांच्या रकान्यात 'कौटुंबिक समस्या' आणि 'आजारपण' ही दोन शीर्षके सर्वांत मोठी आहेत. कंत्राट संपले, भाडे थकले, घरी भांडण झाले, झोप उडाली, आणि एके दिवशी सारे संपले, अशा साखळीतून पोलिसाच्या नोंदीत उतरते ते भांडण. एका मृत्यूला एक कारण, हा नियम लघुकथेच्या जुन्या तंत्रासारखा आहे आणि तितकाच खोटा.

सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या 'कासव' या चित्रपटाला ६४ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत सुवर्णकमळ मिळाले. तो येथे विचारात घेण्याचे कारण, मराठीत ताटीच्या आकृतिबंधाकडे परतलेली ही दुर्मिळ कृती आहे. जीव देण्याच्या प्रयत्नातून वाचलेल्या तरुणाला स्वतः नैराश्यातून गेलेली जानकी आपल्या घरी ठेवून घेते. त्याच्यामागे प्रश्नांचा ससेमिरा लावीत नाही. कासवाने अंग बाहेर काढावे तशी वाट पाहते. चित्रपटाचे निर्माते मोहन आगाशे स्वतः मनोविकारतज्ज्ञ, आणि १९९१ मध्ये पुण्यात महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्था उभी राहण्यात त्यांचा मोठा वाटा होता, त्यामुळे या वाट पाहण्यामागे अनुभवाचा आधार आहे. (घाशीरामाच्या नानांना कोकणच्या किनाऱ्यावर कासवांची अंडी राखताना पाहणे हा एक वेगळा आनंद.) तथापि, या शुश्रूषेला काय लागते त्याचा हिशेब चित्रपटातच मांडलेला आहे: समुद्राकाठचे घर, मोटार, तिचा चालक, स्वयंपाकघर, आणि मुख्य म्हणजे उत्पन्नाची काळजी नसलेले कित्येक दिवस. चित्रपट हे झाकीत नाही, पण त्याचा प्रश्नही करीत नाही. सहृदयता येथे खाजगी मालमत्तेवर उभी आहे. बेणारेला जानकी भेटली असती तर, हा विचार मनात येतो. पण कंत्राटी कामगाराला जानकी भेटली असती तर, या विचारापाशी कथाच थांबते, कारण चौथ्या दिवशी त्याचा खाडा लागून जागा गेलेली असेल.

याच्या विरुद्ध उदाहरण अमरावती जिल्ह्यातले. 'विश्राम' या उपक्रमात गावागावांतल्या कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देऊन नैराश्य आणि आत्महत्येचे विचार यांबाबत मदत उभी करण्यात आली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण सुमारे सहापट झाले. गावातलाच माणूस, गावातलीच बोली. तज्ज्ञांची संख्या न वाढताही अंतर कमी होते, एवढे त्यातून दिसते; तज्ज्ञांची गरज संपते असे दिसत नाही.

चऱ्होलीपुरते बोलायचे तर अंतर मैलांचे कधीच नव्हते. आळंदी रस्त्याने येरवडा जवळ आहे, पिंपरीत महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे. पण पुण्याच्या बोलीत 'येरवडा' हे स्थलनाम उरलेले नाही. 'याला येरवड्याला पाठवा' ही धमकी आहे, थट्टा आहे, शिवी आहे. तुरुंग आणि मनोरुग्णालय एकाच नावात राहत असल्याने गुन्हा आणि वेड यांची गल्लत तेथे पत्त्यातच झालेली आहे. मुंबईकडच्या माणसासाठी हेच काम ठाणे करते. कलम ३०९ रद्द करता येते, वाक्प्रचार रद्द करता येत नाही. ज्या आईला मुलाचे काहीतरी बिनसले आहे हे कळते, तिला पुढचे वाक्य उच्चारण्यासाठी 'येरवडा'खेरीज शब्द नसेल तर ती ते वाक्य उच्चारीत नाही. देवाला नवस बोलते, बाहेरचे बघते, लग्न लावून देते.

१० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली 'टेली-मानस' ही शासनाची दूरध्वनिसेवा या दृष्टीने महत्त्वाची आहे. १४४१६ हा क्रमांक फिरविला की रात्री-अपरात्रीही, मराठीसह अनेक भारतीय भाषांत, विनामूल्य बोलता येते. येरवडा हे नाव मध्ये येत नाही, पत्ता सांगावा लागत नाही, पहिल्या पाळीच्या कामगाराला बाह्यरुग्ण विभागाची वेळ गाठावी लागत नाही. ताटीबाहेरच्या आवाजाला शासनाने दिलेले हे रूप म्हणावे लागेल. या आवाजाची खरी परीक्षा भाषेचीच आहे: पलीकडून 'टेन्शन आलंय', 'डोकं बधिर झालंय', 'करमत नाही', 'जीव नकोसा झालाय' असे काही ऐकू आले की त्यांतल्या कोणत्या वाक्यापाशी थांबायचे हे ऐकणाऱ्याला कळले पाहिजे. नांदेडचा 'करमत नाही' आणि पुण्याचा 'करमत नाही' एकच नव्हेत. ओडिशातून आलेल्या फिटरचे तर निराळेच.

आणि ताटीच्या कथेतील एक गोष्ट अशी की ज्ञानेश्वरांना बंद करायला ताटी होती. वाळीत टाकलेल्या त्या भावंडांजवळ दुसरे काही नसले तरी आत जाऊन बसण्यापुरती झोपडी होती, आणि म्हणून बाहेर उभे राहून बोलणाऱ्याला जागाही होती. चाकणच्या पट्ट्यात एका खोलीत पाच-सहाजण राहतात; रात्रपाळीचा माणूस उठतो त्या गादीवर दिवसपाळीचा आडवा होतो. दूरध्वनीवर हळू आवाजात सांगायची गोष्ट सांगण्यासाठी तेथे दार नाही. फोन घेऊन माणूस गच्चीवर जातो, रस्त्यावर जातो, इंद्रायणीच्या पुलाकडे चालू लागतो, आणि तेथे रहदारीच्या आवाजात पलीकडचे बोलणे नीट ऐकू येत नाही.